केळ्यावरच्या चिलटांवरून शास्त्रज्ञ शोधतात, माणसाचं कोणतं जनुक काय काम करतं

एखादं बाळ वेळेवर मान धरत नाही, बसत नाही, बोलायला लागत नाही. एकामागून एक तपासण्या होतात, पण कारण सापडत नाही. शेवटी डीएनएची तपासणी होते आणि रिपोर्टमध्ये एक ओळ येते: अमुक जनुकात एक बदल आढळला आहे, पण त्याचा अर्थ अनिश्चित आहे.

आईवडिलांच्या हाती उत्तर येतं खरं, पण त्याचा उपयोग काय?

कारण डीएनएमधले बदल ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. कोणत्याही दोन माणसांच्या डीएनएमध्ये लाखो ठिकाणी फरक असतो. त्यातल्या बहुतेक फरकांनी काहीही बिघडत नाही. मग या बाळाच्या आजाराला नेमका हाच बदल जबाबदार आहे, की तो बिचारा उगाच संशयित ठरलाय? कॉम्प्युटर अंदाज सांगतो. पण खात्री करायची तर ते जनुक एखाद्या जिवंत प्राण्यात बिघडवून काय होतं ते बघावं लागतं.

माणसावर असा प्रयोग करता येत नाही. म्हणून जगभरातल्या अनेक प्रयोगशाळा एका माशीकडे वळतात. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या, आपण हाताने हुसकावून लावतो त्या बारीक माशीकडे.

आधी माशी कोणती ते बघू

हिचं शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर. इंग्रजीत तिला फ्रूट फ्लाय म्हणतात, म्हणून मराठीत फळमाशी. पण आंबा, पेरू, काकडीच्या बागायतदारांना जी फळमाशी छळते आणि जिच्यासाठी बागेत सापळे लावतात, ती वेगळी. ती आकाराने मोठी असते आणि चांगल्या फळात अंडी घालते. ड्रोसोफिला जेमतेम तीन मिलिमीटरची, लाल डोळ्यांची आणि आंबत चाललेल्या फळावर जगणारी. बऱ्याच घरांत तिला सरसकट चिलटच म्हणतात.

प्रयोगासाठी ती इतकी सोयीची का? २५ अंश तापमानाला अंड्यापासून पूर्ण वाढलेली माशी व्हायला साधारण दहा दिवस पुरतात. एक मादी शेकडो अंडी घालते. एका छोट्या बाटलीत शेकडो माश्या मावतात. गुणसूत्रांच्या जोड्या फक्त चार, माणसात त्या २३ असतात. म्हणजे हिशेब ठेवायला सोपं.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. माणसात आजाराशी संबंधित म्हणून जी जनुकं माहिती आहेत, त्यातल्या सुमारे ७५ टक्के जनुकांची भावंडं या माशीत सापडतात. माणूस आणि माशी यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले, पण शरीर घडवण्याची बरीचशी हत्यारं दोघांकडेही तीच राहिली.

पण जनुक आहे हे कळणं वेगळं आणि ते काय करतं हे कळणं वेगळं. त्यासाठी जनुक बंद करता आलं पाहिजे, चालू करता आलं पाहिजे, हवं तिथे आणि हवं तेव्हा. हे जमायला शास्त्रज्ञांना जवळपास शंभर वर्षं लागली.

पहिली पायरी: चूक होण्याची वाट बघा

१९१० साल. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन दुधाच्या बाटल्यांमध्ये या माश्या पाळत होते, खायला केळी देत होते. एके दिवशी लाल डोळ्यांच्या गर्दीत त्यांना पांढऱ्या डोळ्यांचा एक नर दिसला.

त्या एका नराच्या पुढच्या पिढ्या मोजून मॉर्गननी दाखवलं की डोळ्यांचा रंग ठरवणारं हे जनुक एक्स गुणसूत्रावर बसलेलं आहे. जनुकं गुणसूत्रांवर असतात, या कल्पनेला त्यातून भक्कम पुरावा मिळाला. १९३३ साली त्यांना नोबेल मिळालं.

या जनुकाचं नाव पडलं व्हाइट, म्हणजे पांढरं. गंमत अशी, की हे जनुक नीट चालू असेल तेव्हा डोळे लाल होतात. तरी नाव पांढरं, कारण ते बिघडल्यावर डोळे पांढरे होतात. माशीच्या जनुकांची नावं अशीच पडतात. जनुक काय करतं यावरून नव्हे, ते नसलं की काय बिघडतं यावरून. घरातला फ्यूज उडाला आणि पंखा थांबला, की तो फ्यूज पंख्याचा होता हे कळतं, तसंच हे.

पण यात एक अडचण होती. चूक आपोआप होण्याची वाट बघत बसायचं म्हणजे किती बसायचं?

दुसरी पायरी: मुद्दाम बिघडवा

मॉर्गनच्याच प्रयोगशाळेत तयार झालेल्या हर्मन मुलर यांनी १९२७ साली दाखवून दिलं की माश्यांवर एक्स-रे सोडले तर जनुकांमधल्या चुका प्रचंड वाढतात. १९४६ साली त्यांनाही नोबेल मिळालं. पुढे एक्स-रेच्या जोडीला रसायनं आली. साखरेच्या पाण्यात रसायन मिसळून माश्यांना पाजायचं आणि पुढच्या पिढ्यांमध्ये काय बिघडलंय ते शोधायचं.

इथे आणखी एक पेच होता. जी जनुकं सगळ्यात महत्त्वाची, ती बिघडली की माशी मरते. मग तो बिघाड अभ्यासासाठी टिकवायचा कसा?

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. बिघडलेल्या प्रतीसोबत एक चांगली प्रत असेल तर माशी बहुधा जगते. पण पिढ्या पुढे गेल्या की प्रतींची सरमिसळ होते आणि बिघडलेली प्रत हळूहळू गायब होते. यावर तोडगा म्हणजे बॅलन्सर नावाची खास गुणसूत्रं. त्यांच्यातला क्रम इतका उलटापालटा केलेला असतो, की जोडीदार गुणसूत्राशी त्यांची सरमिसळ होतच नाही. शिवाय त्यांच्यावर ओळखीची खूण असते. एका प्रसिद्ध बॅलन्सरमुळे माशीचे पंख वर वळलेले, कुरळे दिसतात. कुरळ्या पंखांच्या माश्या निवडत राहिलं, की जीवघेणा बिघाडसुद्धा वर्षानुवर्षं बाटलीत सांभाळता येतो.

याच पद्धतींच्या जोरावर जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये क्रिस्टियान न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी अळीचं शरीर घडवणारी जनुकं शोधायला घेतली. हजारो माश्यांच्या वंशावळी, मायक्रोस्कोपखाली एकेक अळी. १९८० साली त्यांनी अळीच्या शरीराचे खंड ठरवणाऱ्या १५ जनुकांबद्दलचा शोधनिबंध छापला.

त्यातलं एक जनुक बिघडलं की अळीच्या पोटावर सगळीकडे बारीक काटे उगवायचे. म्हणून त्याचं नाव ठेवलं हेजहॉग, म्हणजे अंगभर काटे असलेला एक छोटा प्राणी. पुढे याच जनुकाची भावंडं माणसात सापडली. ती बाळाच्या वाढीत काम करतात, आणि त्यांचा मार्ग भलत्या वेळी चालू राहिला तर त्वचेचा एक प्रकारचा कॅन्सर होतो. हा मार्ग रोखणारं विस्मोडेगिब नावाचं औषध अमेरिकेत २०१२ साली मंजूर झालं. हायडेलबर्गच्या जोडीला १९९५ साली एडवर्ड लुईस यांच्यासोबत नोबेल मिळालं होतं.

तरीही हे सगळं अंधारात दगड मारण्यासारखंच होतं. कुठलं जनुक बिघडणार, हे शास्त्रज्ञांच्या हातात नव्हतं.

तिसरी पायरी: जनुक आत घाला

मग मदतीला आलं एक उडी मारणारं जनुक.

डीएनएचे काही तुकडे आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात. ड्रोसोफिलामध्ये असा एक तुकडा आहे, पी एलिमेंट. विशेष म्हणजे तो रानातल्या माश्यांमध्ये विसाव्या शतकातच दुसऱ्या जातीच्या माशीकडून आला आणि जगभर पसरला. त्याआधी पकडून प्रयोगशाळेत पाळलेल्या माश्यांमध्ये तो नाहीच.

१९८२ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये ॲलन स्प्रॅडलिंग आणि गेराल्ड रुबिन यांनी या तुकड्याला हमाल बनवलं. त्याच्या आतलं उडी मारण्याचं यंत्र काढून टाकलं आणि त्या जागी आपल्याला हवं ते जनुक ठेवलं. उडी मारायला लागणारं प्रथिन वेगळं पुरवलं. म्हणजे तुकडा एकदा गुणसूत्रात जाऊन बसला, की पुन्हा स्वतःहून उठत नाही.

हे इंजेक्शन माशीला नाही, अंड्याला देतात. अंडं घातल्यापासून साधारण तासाभराच्या आत, काचेच्या अतिशय बारीक सुईने, अंड्याच्या मागच्या टोकाला. कारण पुढच्या पिढीच्या पेशी त्याच टोकाला तयार होतात. जनुक तिथे शिरलं तर त्या माशीच्या पोरांमध्ये उतरतं.

जनुक शिरलंय हे ओळखायचं कसं? इथे मॉर्गनचा पांढऱ्या डोळ्यांचा नर पुन्हा कामाला येतो. पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या घ्यायच्या आणि हव्या त्या जनुकाच्या शेजारी व्हाइट जनुकाची चांगली प्रत जोडून द्यायची. ज्या पोरांच्या डोळ्यांना रंग आला, त्यांच्यात जनुक शिरलं. १९१० सालचा शोध आज रोजच्या वापरातली खूण झाला आहे.

चौथी पायरी: कुलूप आणि किल्ली

आता जनुक आत घालता येत होतं. पण ते फक्त डोळ्यात चालू करायचं असेल तर? फक्त मेंदूच्या मोजक्या पेशींमध्ये?

१९९३ साली अँड्रिया ब्रँड आणि नॉर्बर्ट पेरिमोन यांनी यावर जो उपाय मांडला, तो आजही माश्यांच्या जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेत रोज वापरला जातो. त्याचं नाव गॅल-४ आणि यूएएस.

गॅल-४ हे यीस्टमधलं प्रथिन आहे, म्हणजे ज्यामुळे पाव फुगतो त्या जिवातलं. ते यूएएस नावाच्या डीएनएच्या तुकड्याला चिकटतं आणि त्याच्या पुढचं जनुक चालू करतं. माशीच्या शरीरात यूएएस मुळात नसतंच, त्यामुळे गॅल-४ तिथे दुसरं कुठलं कुलूप सहसा उघडत नाही.

म्हणजे यूएएस हे कुलूप आणि गॅल-४ ही त्याची किल्ली. एका बाटलीतल्या माश्यांकडे फक्त किल्ली असते आणि ती ठरावीक पेशींमध्येच तयार होते, समजा डोळ्यांच्या. दुसऱ्या बाटलीतल्या माश्यांकडे कुलूप असतं आणि कुलपामागे हवं ते जनुक. वेगवेगळ्या असताना काहीच घडत नाही. दोघांची सोयरीक जुळवली, की पोरांमध्ये किल्ली आणि कुलूप एकत्र येतं आणि जनुक फक्त डोळ्यांत चालू होतं.

हीच खरी कमाल. शंभर किल्ल्यांच्या माश्या आणि शंभर कुलपांच्या माश्या असल्या, तर दहा हजार वेगवेगळे प्रयोग फक्त लग्नं लावून करता येतात. प्रत्येक वेळी नवं इंजेक्शन नको.

लग्न लावताना एक काळजी मात्र घ्यावी लागते. मादी नराचे शुक्राणू साठवून ठेवते, त्यामुळे आधी संबंध आलेली मादी चालत नाही. कोशातून बाहेर आल्यावर साधारण आठ तासांच्या आत माद्या वेगळ्या कराव्या लागतात. माश्यांना कार्बन डायऑक्साइडने गुंगी आणायची आणि मायक्रोस्कोपखाली रंगाच्या ब्रशने एकेक बाजूला सारायची. मोठमोठ्या शोधांच्या मागे हे रोजचं निवडण-टिपण असतं.

या पद्धतीची ताकद जगाला दिसली १९९५ साली. स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये वॉल्टर गेरिंग यांच्या गटाने आयलेस नावाचं जनुक भलत्याच ठिकाणी चालू केलं. माशीच्या पायांवर, पंखांवर, मिशांवर डोळे उगवले! मग त्यांनी कुलपामागे उंदराचं तेच जनुक ठेवलं. तरीही डोळे उगवले, आणि तेही उंदराचे नाही, माशीचेच. म्हणजे या जनुकाचा हुकूम एवढाच, की इथे डोळा बनवा. कसा बनवायचा ते माशीच्या पेशींना माहिती असतं. माणसात याच जनुकाची एक प्रत बिघडली तर मूल बाहुलीभोवतालचा रंगीत पडदा जवळपास नसलेल्या डोळ्यांनी जन्माला येतं.

हवं तेव्हा चालू, हवं तेव्हा बंद

जागा ठरवता आली. मग वेळ ठरवण्याची सोय झाली. गॅल-८० नावाचं आणखी एक यीस्टचं प्रथिन गॅल-४ला अडवतं. त्याचा एक प्रकार तापमानावर चालतो. १८ अंशाला तो किल्ली धरून ठेवतो, २९ अंशाला सोडून देतो. म्हणजे माशी लहानाची मोठी होईपर्यंत जनुक बंद ठेवायचं आणि नंतर बाटली गरम कपाटात ठेवून ते चालू करायचं.

मग आली आरएनए इंटरफेरन्सची पद्धत. यात जनुक जागेवरच राहतं, पण त्याचा निरोप पेशीत पोचण्याआधीच नष्ट केला जातो. व्हिएन्नातल्या शास्त्रज्ञांनी २००७ साली अशा माश्यांचा मोठा संग्रहच जाहीर केला. प्रथिनं बनवणाऱ्या सुमारे ८८ टक्के जनुकांसाठी त्यात माश्या तयार होत्या.

आणि २०१३ साली क्रिस्पर माशीपर्यंत पोचलं. डीएनएमधली नेमकी जागा शोधून तिथे कापणारी ही कात्री. आता एक्स-रेसारखा आंधळा मारा नको. हव्या त्या जनुकातलं एक अक्षरही बदलता येतं.

आता त्या बाळाच्या रिपोर्टकडे

ही सगळी हत्यारं एकत्र आली की काय होतं, ते बघा.

बाळाच्या रिपोर्टमध्ये ज्या जनुकाचं नाव आहे, त्याचं माशीतलं भावंड शोधायचं. ते बिघडवायचं आणि त्याच जागी गॅल-४ बसवायचं. एका दगडात दोन पक्षी. माशीचं स्वतःचं जनुक बंद झालं, आणि जिथे जिथे ते चालू व्हायचं तिथे तिथे आता किल्ली तयार होते. मग कुलपामागे माणसाचं जनुक ठेवायचं. एका माशीत चांगली प्रत, दुसरीत बाळामध्ये सापडलेली बदललेली प्रत.

चांगल्या प्रतीने माशी वाचली आणि बदललेल्या प्रतीने नाही वाचली, तर संशय पक्का होतो. दोन्ही प्रतींनी माशी सारखीच ठणठणीत राहिली, तर तो बदल बहुधा निर्दोष आणि शोध दुसरीकडे घ्यायचा.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये ह्यूगो बेलेन आणि त्यांचे सहकारी निदान न झालेल्या रुग्णांसाठी असा तपास करतात. २०१७ साली त्यांच्या गटाने ईबीएफ-३ नावाच्या जनुकाबद्दलचं काम प्रसिद्ध केलं. तीन रुग्णांमध्ये या जनुकात अगदी एकाच ठिकाणी बदल सापडला होता, आणि तो आईवडिलांकडून आलेला नव्हता, नव्याने झालेला होता. माशीतलं त्याचं भावंड म्हणजे नॉट नावाचं जनुक. ते पूर्ण बंद केलं की माशी जगत नाही. माणसाची चांगली प्रत दिल्यावर माश्या वाचल्या. बदललेल्या प्रतींना ते काम नीट जमलं नाही.

त्याच सुमाराला इतर गटांनाही या जनुकात बदल असलेले रुग्ण सापडले होते. या सगळ्यातून एका नव्या आजाराची ओळख पटली. त्यात स्नायू सैल पडतात, तोल जातो आणि वाढ उशिरा होते.

नाव मिळालं म्हणजे लगेच औषध मिळतं असं नाही. पण न संपणाऱ्या तपासण्या थांबतात. पुढच्या बाळाला धोका किती, हे डॉक्टर सांगू शकतात. तसाच आजार असलेली जगातली इतर कुटुंबं सापडतात. आणि औषध शोधायचं तर कुठून सुरुवात करायची, ते कळतं.

अर्थात माशी म्हणजे माणूस नाही. तिला फुप्फुसं नाहीत, आपल्यासारखी आजार लक्षात ठेवून प्रतिपिंडं बनवणारी प्रतिकारशक्ती नाही. माणसाच्या काही जनुकांचं भावंडच तिच्यात नाही. त्यामुळे माशीतलं उत्तर हा पुरावा असतो, अंतिम निकाल नाही. उंदरांवरचे प्रयोग, रुग्णांच्या पेशी, डॉक्टरांची निरीक्षणं, सगळं जुळावं लागतं. माशीचा फायदा हा, की ती हे उत्तर लवकर आणि कमी खर्चात देते.

मुंबई-पुण्याचं नातं

या माशीचं महाराष्ट्राशी जुनं नातं आहे. १९६२ साली ओबैद सिद्दिकी यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. १९७०च्या दशकात तिथेच त्यांनी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी वास आणि चव न ओळखणाऱ्या माश्या शोधल्या आणि नाकापासून मेंदूपर्यंतचा रस्ता जनुकांच्या मदतीने समजून घ्यायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे बंगळुरूचं एनसीबीएस उभं राहिलं. आज पुण्यातल्या आयसरमध्येही माश्यांवर संशोधन चालतं.

बॅक्टेरियासारख्या या माश्या सहज गोठवून ठेवता येत नाहीत. प्रत्येक वाण जिवंत ठेवावा लागतो, काही आठवड्यांनी ताज्या खाद्याच्या बाटलीत हलवावा लागतो. अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनच्या केंद्रात असे ७० हजारांहून जास्त वाण सांभाळलेले आहेत, आणि जगभरातल्या प्रयोगशाळा तिथून माश्या मागवतात.

रिपोर्टमधल्या 'अर्थ अनिश्चित' या शब्दांचा अर्थ लावण्याची एक वाट अशाच एखाद्या बाटलीतून जाते.